उगाच

गेल्या श्रावणात मी मेणवलीला घंटा बघायला गेले होते. साताऱ्याहून एसटीने वाई, तिथून पुढे तीनेक किलोमीटर वडापने, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या जीपने. नाना फडणवीसांचा वाडा, वाड्यामागे कृष्णेचा घाट आणि घाटावरच्या देवळाजवळ टांगलेली ती थोरली पोर्तुगीज घंटा. वसई घेतल्यावर मराठ्यांनी ज्या घंटा आणल्या त्यांतली ही एक, असं सांगतात. तिच्या अंगावर १७०७ हे साल आणि बाळाला घेतलेली मेरी आहे. भिंतीला हात लावत मी घाट उतरत होते, तेवढ्यात एका गृहस्थांनी हटकलं.

"कुणाकडं आलाय, आजी?"

"कुणाकडं नाही. घंटा बघायला आलेय."

"एकट्याच?"

"एकटीच."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मुलगा-सून पिशव्या घेऊन मागून येत असतील अशी त्यांना आशा असावी. कुणी दिसेना, तसा चेहरा गंभीर झाला. "घरी सांगून आलाय न्हवं?" मी ७६ वर्षांची आहे. म्हटलं, "उगाच आले हो, फिरायला." यावर काय बोलावं ते त्यांना सुचलं नाही. पण मी परतीच्या वडापमध्ये बसेपर्यंत ते लांबून माझ्यावर नजर ठेवून होते.

माणूस भला होता, पाणी हवं का म्हणूनही विचारलं त्याने. पण त्या दिवसापासून 'उगाच' हा शब्द माझ्या डोक्यात बसला आहे. म्हातारीचं विनाकारण बाहेर पडणं आपल्याकडे कुणाच्याच हिशेबात नसतं. घरचे धरत नाहीत, रस्ते बांधणारे धरत नाहीत आणि सवलती देणारं सरकारही धरत नाही. माझं म्हणणं असं की ते हिशेबात धरलं पाहिजे. त्यासाठी सरकारी पैसा खर्च झाला तर तो पाण्यात गेला असं कुणी म्हणू नये.

पुरुषांच्या उगाचला आपल्या भाषेत ऐसपैस जागा आहे. ते पाय मोकळे करायला जातात, चक्कर मारून येतात, पारावर बसतात, नाक्यावर उभे राहतात. निवृत्त झाले की त्यांचा कट्टाच ठरतो. टपरीवरचा चहा, चार टाळकी आणि एकच वर्तमानपत्र पाचजणांत. कशाला आलात म्हणून त्यांना कुणी विचारत नाही. बाईचे पाय मात्र कधी मोकळे करावे लागतात, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ती मंडईत जाते, दवाखान्यात जाते, देवळात जाते. लग्नाला, बाळंतपणाला, मयतीला जाते. यादी नीट बघा, प्रत्येक ठिकाणी ती दुसऱ्या कुणासाठी नाहीतर देवासाठी गेलेली आहे.

सरकारची यादीही याच वळणाची. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली, साठीपुढच्यांसाठी, माणशी ३० हजार रुपयांपर्यंत. कुणी काशीला जात असेल तर जावं, माझं काही म्हणणं नाही. पण मला हेळवाक गाव बघायचं असेल तर ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावोगावी विरंगुळा केंद्रं निघाली आहेत. मी पाहिलेल्या बहुतेक केंद्रांत आत कॅरम आणि पत्ते चाललेले होते आणि बायका बाहेरच्या बाकावर नातवंडं सांभाळत बसल्या होत्या. विरंगुळा आतल्यांचा आणि राखण बाहेरच्यांची.

हेळवाक कशाला, तेही सांगते. १९७१ साली मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. कानाला हेडसेट, समोर बोर्ड, हातात कॉर्ड. तेव्हा परगावी बोलायला ट्रंक कॉल बुक करावे लागत. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्यांचे चढते दर होते. म्हसवड, दहिवडी, मेढा, पाटण, औंध, हेळवाक ही नावं दिवसभर तोंडात असायची. पावसाळ्यात पाटणकडच्या लाइनी खरखरायला लागल्या की तिकडे धो धो सुरू झाला हे आम्हाला वर्तमानपत्राच्या आधी कळायचं. वीस वर्षं मी लोकांना त्या गावांशी जोडून देत होते आणि त्यांतलं एकही गाव मी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. मग एसटीडी आली, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवू लागले, बोर्ड गेले, मी बिलांच्या टेबलावर गेले. निवृत्त झाले. यजमानांचं लांबलेलं आजारपण निस्तरलं, ते गेले. त्यानंतर एका सकाळी कुणाचाच डबा करायचा नव्हता. तेव्हापासून ती गावं मी एकेक करून बघते आहे.

मेणवली काही त्या बोर्डावर नव्हती, तिथे मी खरोखरच उगाच गेले होते. असती तरी त्या गृहस्थांना मी हे सारं ऐकवलं नसतं. कारण सांगितलं की लोक माफ करतात, आणि मला माफी नको होती.

आता पैशाचं बोलू, कारण खरी खडखड तिथेच आहे. एसटी माझ्याहून एका वर्षाने मोठी. १ जून १९४८ ला तिची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीत तिकीट लागत नाही, अमृत ज्येष्ठ नागरिक म्हणतात आम्हाला. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. त्याआधी २०२१-२२ च्या ऐन हिवाळ्यात एसटीचा संप होता. फलटणकडच्या माझ्या चुलतबहिणीने ते महिने घराच्या ओट्यावर काढले. तिच्या वाडीला दुसरी गाडीच नव्हती. म्हणून ही सवलत तिच्यासारखीला काय आहे ते मला ठाऊक आहे. रेल्वेत याच्या उलटं झालं. ५८ च्या पुढच्या बायकांना निम्मी सूट होती ती मार्च २०२० मध्ये थांबवली, ती काही परत आली नाही. विचारलं की उत्तर येतं, प्रत्येकच तिकिटामागे सरकार पदरचे पैसे घालतं आहे.

सवलतीवरचा आक्षेप मी गाडीतच ऐकला आहे, माझ्याच पाठीमागच्या सीटवरून. 'फुकट आहे म्हणून म्हाताऱ्या उगाच फिरत्यात, आणि कामावर जाणाऱ्याला उभं राहावं लागतंय.' बोलणारा मुलगा खरंच उभ्याने आला होता. वाकून खोकत होता बिचारा. त्याचं म्हणणं झटकून टाकावं असं मला वाटत नाही. सकाळी आठ ते साडेनऊ कॉलेजची आणि नोकरीची गर्दी असते. त्या वेळात आम्ही नसलो तर कुणाचं काही अडणार नाही. लंडनमध्ये ज्येष्ठांचा मोफत पास कामाच्या दिवशी सकाळी नऊनंतरच चालतो. तसा नियम इथे झाला तर मी पहिली पाळेन, फक्त दवाखान्याची वेळ गाठायची असणाऱ्यांना त्यातून सोडा. अकरा ते चारच्या गाड्या निम्म्या रिकाम्या धावतात. डिझेल तेवढंच जळतं, मी बसले काय नि न बसले काय.

पण 'उगाच' हा आरोप म्हणून मला मान्य नाही. शनिवारी पसरणी घाटात पाचगणी-महाबळेश्वरकडे जाणाऱ्या गाड्यांची जी रांग लागते, तिच्यातलं कोण कामाला निघालेलं असतं? घाट रुंद करायचा, दरडींना जाळ्या मारायच्या, रांग सांभाळायला पोलीस उभे करायचे, हा सगळा खर्च सर्वांच्याच खिशातून होतो. त्यात माझ्या चुलतबहिणीचाही खिसा आला. ती साबण घेते तेव्हा कर भरतेच. त्या मोटारवाल्यांना आपण पर्यटक म्हणतो, त्यांच्यामुळे जिल्ह्याला चार पैसे मिळतात म्हणतो. मीही वाईत मिसळ खाल्ली, वडापला पैसे दिले, पेढे घेतले. मोटारीतून केलं की पर्यटन आणि लाल गाडीतून केलं की उपद्व्याप, हा हिशेब मला लागत नाही.

घरचा आक्षेप निराळा. तो प्रेमाचा असल्यामुळे त्याला उत्तर देणं जड जातं. माझा मुलगा पुण्यात असतो. त्याचं एकच वाक्य, 'आई, या वयात कशाला? पडलीस तर?' पडण्याची भीती खोटी नाही. माझ्या वयाला खुब्याचं हाड मोडलं तर पुढे काय होतं ते मी मैत्रिणींत पाहिलं आहे. पण त्या तिघी पडल्या कुठे? एक न्हाणीघरात, एक रात्री स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठली तेव्हा, आणि तिसरी माळ्यावरचा डबा काढताना स्टुलावरून. पायांना सवय राहिली तर तोल राहतो, हे डॉक्टरही सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगितली आहे, वर तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम. हलत्या गाडीत दांड्याला धरून उभं राहणं त्या व्यायामांत मोजतात का, ते मात्र मला कुणी सांगितलेलं नाही.

आणि 'या वयात कशाला' हा प्रश्न नेमका कधी पडतो, तेही बघण्यासारखं आहे. होळीला चाळीस पोळ्या लाटते तेव्हा पडत नाही. उन्हाळ्यात गच्चीवर वाकून कुरडया घालते तेव्हा पडत नाही. नातवाला दोन वर्षं कडेवर घेऊन जिना चढत-उतरत होते तेव्हाही कुणाला माझ्या गुडघ्यांची आठवण झाली नाही. शिवारात तर सत्तरीच्या बायका रोजाने खुरपायला जातात. त्यांना कुणी सक्रिय ज्येष्ठ म्हणत नाही, रोजंदारीच म्हणतात. म्हातारीने कष्ट केले की वय आड येत नाही, ती मजेला निघाली की येतं.

असं असूनही आम्हाला कौतुकाचा तोटा नाही. २०२० मध्ये नाशिककडच्या हरिहर गडाच्या त्या उभ्या कातळपायऱ्या चढणाऱ्या ६८ वर्षांच्या आजींचा व्हिडिओ फिरला होता. माझ्याकडे तो सात ग्रुपांवरून आला, सातही वेळा हात जोडलेल्या चित्रासकट. मला आवडला तो. पण पुण्यात त्याच वर्षी रस्त्यावर लाठीकाठी फिरवणाऱ्या ८५ वर्षांच्या आजींचाही व्हिडिओ फिरला, त्या टाळेबंदीत नातवंडांना खाऊ घालायला पैसे हवेत म्हणून उतरल्या होत्या. त्याच्या काही वर्षं आधी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या बाई नवऱ्याच्या तपासण्यांचा खर्च भागवायला धावल्या होत्या. आम्ही टाळ्या पिटल्या आणि 'वय हा फक्त आकडा आहे' असं खाली लिहिलं. पायात चप्पल का नव्हती, हे विचारायचं राहूनच गेलं.

अशा कौतुकाचा मला धाक वाटतो. त्यातून असा समज होतो की जिच्यात जिद्द असते ती म्हातारपणीही हिंडते आणि जिच्यात नसते ती घरी बसते. म्हणजे घरी बसलेलीचाच दोष. माझी शेजारीण माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि माझ्याहून धडधाकट आहे. ती घराबाहेर पडत नाही. जिद्द कमी आहे म्हणून म्हणाल तर तिने एकटीने तीन मुलं शिकवली आहेत. एकदा मी चल म्हटलं, तर ती हळूच म्हणाली, "वाटेत लघवीचं काय करतेस गं?"

सगळा प्रश्न इथे आहे. मी काय करते ते सांगते. सकाळी सहाला अर्धा कप चहा, मग परत येईपर्यंत घोटभरच पाणी, तेही ओठ सुकले तर. डॉक्टरांनी यावरून मला दोनदा झापलं आहे. एका प्रवासात, गावाचं नाव कशाला घ्या, स्वच्छतागृहाला कुलूप होतं. किल्ली समोरच्या दुकानात आणि दुकानदार जेवायला घरी गेलेला. मी आणि एक बाळंतपणाला निघालेली पोर, दोघी पाऊण तास त्या कुलपाकडे बघत उभ्या होतो. मुंबईत २०११ च्या सुमारास बायकांनी 'राइट टू पी' म्हणून मोहीम काढली तेव्हा लोक नाव ऐकून हसले होते. त्यांचा मुद्दा साधा होता, पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना त्याच कामाचे पैसे, असं का? इतक्या वर्षांनी निमशहरी गावांत पैसे देऊनही जागा मिळेल अशी खात्री नाही. पंचाहत्तरीच्या बाईला दोन तासांत एकदा जावं लागतं. ज्या वाटेवर दोन तासांत वापरण्याजोगं स्वच्छतागृह नाही, ती वाट तिच्यापुरती बंद आहे. तिकीट शून्य रुपयांचं असलं म्हणून ती उघडत नाही.

दुसरी गोष्ट पायरीची. माझ्या पर्समध्ये शिवणकामाची टेप असते आणि आताशा मी जिथे तिथे मोजत सुटते. माझा गुडघा बारा इंचांपर्यंत तक्रार करत नाही. त्यापुढे दांड्याला धरून स्वतःला वर ओढावं लागतं. आता बसमध्ये चढणारी म्हातारी डोळ्यांसमोर आणा, बस कुठलीही असो, शहरातली, गावाकडची नाहीतर खासगी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने निऱ्या उचललेल्या. दांडा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? मग मागून कुणीतरी भल्या मनाने ढकलतं आणि आपण पोत्यासारखे आत जातो. शहरांसाठीच्या लो-फ्लोअर बसचा तळ जमिनीपासून ४०० मिलिमीटरवर असतो, म्हणजे जेमतेम सोळा इंच, फूटपाथवरून चढलं तर त्याहून कमी, आणि आत चढायला पुन्हा पायऱ्या नसतात. तेव्हा करता येत नाही असं काही नाही. खेड्यातल्या खडबडीत रस्त्याला तशी बस चालणार नाही हे मलाही कळतं. पण दारात एक जास्तीची खालची पायरी आणि दोन्ही बाजूंना योग्य उंचीवर दांडे, एवढ्याला कुठल्या परदेशी तंत्राची गरज लागत नाही.

फूटपाथचंही तेच. पादचाऱ्यांच्या सोयींसाठी इंडियन रोड्स काँग्रेसने घालून दिलेला नियम सांगतो की कडेचा दगड १५० मिलिमीटरहून उंच नसावा, म्हणजे सहा इंच. मुलाच्या सोसायटीबाहेरचा मी मोजला तर अकरा इंच भरला. लोक टेपकडे बघत होते, मुलगा दुसरीकडे. तिथल्याच सिग्नलवर मी आणखी एक प्रयोग केला. नातवाला मोबाईल घेऊन उभं केलं आणि वीस मीटर चालून दाखवलं, पंचवीस सेकंद लागले. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. १४ मीटर रुंदीच्या रस्त्याला त्या हिशेबाने बारा सेकंद पुरतात. मला साडेसतरा लागतात. उरलेले साडेपाच सेकंद मी दुचाकीवाल्यांच्या भरवशावर काढते. माझ्या सगळ्या भटकंतीत याहून मोठं साहस मी केलेलं नाही.

आपल्याला हे जमत नाही असं कुणी म्हणालं तर मी वारीकडे बोट दाखवेन. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर. दिवे घाट चढताना डोक्यावर तुळस घेतलेल्या माझ्या वयाच्या बायका बघा. 'या वयात कशाला' असं त्यांना कुणी म्हणत नाही. देवाचं नाव आहे म्हणून म्हणत नाही, हे खरंच. पण त्या पोचतात त्यात विठ्ठलाइतकाच व्यवस्थेचाही हात आहे. सामान दिंडीच्या ट्रकमध्ये, मुक्काम ठरलेला, दर थोड्या अंतरावर पाणी, वाटेत पाय चेपायला आणि गोळ्या द्यायला माणसं, अलीकडे फिरती शौचालयं. वर्षातले तीनेक आठवडे आपण एका वाटेवर म्हातारीला चालता येईल असं सगळं मांडतो आणि ती अडीचशे किलोमीटर चालते. उरलेले अकरा महिने तिला कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाता येत नाही. या अकरा महिन्यांत तिच्या गुडघ्यांत काय बदल होतो?

सगळीकडे सगळं एकदम होणार नाही. सुरुवात कुठून करायची हे ठरवायला समिती नेमतील, समिती पाहणी करेल, पाहणीचा अहवाल येईल. तोवर मी नसेन. म्हणून एक सोपी वाट सुचवते. पंचाहत्तरीपुढच्या प्रवाशाला कंडक्टर फुकट बसवून घेत नाही, मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट काढून हातात देतो. सरकारकडून महामंडळाला सवलतीची भरपाई मिळते ती याच तिकिटांच्या हिशेबावर. म्हणजे कुठल्या थांब्यावर किती म्हाताऱ्या माणसांनी चढ-उतार केली, किती वाजता केली, हे सगळं कुठेतरी नोंदलेलं आहे. पैसे मागायला त्याचा उपयोग होतो, तसाच बाक, नळ आणि कडी लागणारा संडास कुठे आधी बांधायचा हे ठरवायलाही होईल. जिथे सर्वांत जास्त शून्यं, तिथे आधी.

माझी तिकिटं मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली आहेत. औंध, मेढा, पाटण, दहिवडी, मागच्या महिन्यात हेळवाक. म्हसवड राहिलंय. कुणाला पडताळणीला हवी असतील तर खुशाल न्यावीत. पण त्या कागदावरची शाई टिकत नाही, औंधच्या तिकिटावरचं नाव आताच वाचता येईनासं झालंय. तेव्हा यायचं तर जरा लवकर या, आणि मंगळवार सोडून या. मंगळवारी मी घरी नसते.